घरगुती यंत्रविद्या : खेळगाडीचा सारथी

ज्या घरांत मुलें वाढत आहेत, त्या घरांत कांहीं ना कांहीं मोडत राहणारच. आणि जें मोडतें त्यावरून घरांत दोन पक्ष पडणार, हेंही ठरलेलेंच. एक पक्ष म्हणतो, "स्वस्त आणलें म्हणून मोडलें." दुसरा म्हणतो, "आणलेंच कशाला?" एका वाचक भगिनींचें जें पत्र आमच्याकडे आलें आहे, त्यांत या दोन्ही पक्षांची कैफियत मोठ्या निःपक्षपातीपणानें मांडलेली आहे. त्यांचा मुलगा व थोरल्या दिरांचा मुलगा अशा दोघांत मिळून रेडिओनें चालणारी एक शर्यतीची गाडी आहे. गाडी बरी धांवते. परंतु तिचीं पुढचीं चाकें वळविणारा जो लहानसा डबा असतो, ज्यास सर्व्हो म्हणतात, तो एका मोसमांत तीन वेळां निकामी झाला. आतां मुलें म्हणतात, "एकदां सर्वांत महाग आणि सर्वांत बलवान् सर्व्हो घेऊन द्या, म्हणजे पुन्हा मागणार नाहीं." मामंजींचें म्हणणें असें कीं, ज्या वस्तूचा शेवट ठाऊक आहे तिच्यावर चौथ्यांदा पैसा घालणें हा शहाणपणा नव्हे. "यांत खरें कोणाचें?" असा बाईंचा प्रश्न आहे.

हा प्रश्न केवळ खेळण्याचा आहे असें समजून बाजूला सारण्यासारखा नाहीं. एक तर या डब्याची किंमत कांहीं शें रुपयांपासून दहा-पंधरा हजारांपर्यंत कितीही असूं शकते, आणि एकत्र कुटुंबांत असा खर्च एकाच्या खिशांतून होत नसून सर्वांच्या समजुतीनें होत असतो. दुसरें असें कीं, हाच डबा मॉडेल विमानाचे पंख हलवितो आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या यंत्रमानवाचा हातही हलवितो. म्हणून खेळाच्या निमित्तानें त्याची प्रकृति एकदां समजून घेतली तर ती समजूत वायां जाणार नाहीं.

सर्व्हो या शब्दाचें मूळ लॅटिन भाषेंत असून त्याचा अर्थ दास, सेवक असा आहे. १८७३ सालीं जोसेफ फार्को या फ्रेंच अभियंत्यानें आपल्या ग्रंथांत "सर्व्हो-मोटर" हा शब्द वापरला. त्यापूर्वींच, १८६६ मध्यें, इंग्लंडांत जॉन मॅकफार्लेन ग्रे यांनीं वाफेनें सुकाणू फिरविण्याच्या यंत्राचें पेटंट घेतलें होतें, व तें यंत्र ग्रेट ईस्टर्न नांवाच्या प्रचंड जहाजावर बसविण्यांत आलें. त्यांतील खुबी अशी होती कीं, सुकाणूवाल्यानें चाक जितकें फिरविलें असेल तितकेंच सुकाणू फिरे, आणि तेथें पोंचतांच वाफ आपोआप बंद होई. मनुष्यानें केवळ इच्छा दाखवावी, बळ यंत्रानें लावावें, आणि काम झालें कीं थांबावें हेंही यंत्रानेंच ओळखावें, हा सेवकाचा धर्म त्या जहाजावर जसा होता तसाच तो आज आगपेटीहून थोड्या मोठ्या डब्यांत आहे. रेडिओनें वाहन हांकण्याची कल्पनाही जुनीच. निकोला टेस्ला यांनीं १८९८ सालीं न्यूयॉर्क येथें रेडिओनें चालणारी नौका लोकांस दाखविली होती. खेळगाड्यांच्या बाबतींत, इटलींतील एल-जी या कंपनीची रेडिओनें चालणारी फेरारी गाडी १९६६ मध्यें विक्रीस आली. जपानांतील टामिया कंपनीनें १९७६ सालीं आपली पोर्शे ९३४ काढली आणि हा छंद पुष्कळ घरांत पोंचला. व १९७७ मध्यें कॅलिफोर्नियांतील पोमोना येथें या गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. तेव्हांपासून आजपर्यंत गाड्यांचा वेग वाढतच गेला, आणि जसजसा वेग वाढला तसतसा या बिचाऱ्या सेवकावरचा मारही वाढला.

डब्याच्या आंत काय असतें

डबा उघडला असतां आंत चार गोष्टी दिसतात. एक लहानशी विजेची मोटर. तिचा वेग कमी करून पीळ वाढविणारी दंतचक्रांची माळ. शेवटच्या चक्राशीं जोडलेला, तें किती फिरलें हें सांगणारा पोटेन्शिओमीटर. आणि या सर्वांचा हिशेब ठेवणारी विद्युत्-मंडलाची पट्टी. बाहेर तीन तारा येतात. त्यांपैकीं दोन विजेच्या, व तिसरी हुकुमाची. तिसऱ्या तारेंतून येणारा हुकूम म्हणजे विजेचा एक क्षणिक ठोका होय. सेकंदाच्या हजाराव्या भागाला एकक धरलें, तर दीड एकक लांबीचा ठोका म्हणजे "सरळ जा", एक एककाचा म्हणजे एका बाजूस, आणि दोन एककांचा म्हणजे दुसऱ्या बाजूस पुरें वळ. जुन्या पद्धतीच्या सर्व्होंत असा ठोका सेकंदांतून सुमारें पन्नास वेळां येतो. पट्टी दर वेळीं हुकूम आणि वस्तुस्थिति ताडून पाहते. जो फरक निघेल तो मिटेपर्यंत मोटर फिरविते. डिजिटल म्हणून जे सर्व्हो मिळतात त्यांत ही दुरुस्ती सेकंदांतून कित्येक शें वेळां होते. त्यामुळें चाक जागेवर अधिक घट्ट धरलें जातें. पण त्याचबरोबर वीजही अधिक खर्च होते आणि डबा सदोदित गुणगुणत राहतो.

येथें एक गोष्ट ध्यानांत धरावी, कारण पुढील सर्व विचार तीवर उभा आहे. आंतली मोटर फार वेगानें आणि फार थोड्या बळानें फिरणारी असते. तिचीं दोनशें-अडीचशें फेऱ्या झाल्या म्हणजे बाहेरच्या दांड्याची एक फेरी होते. मोटरीच्या बाजूनें पाहिलें तर ही व्यवस्था उत्तम. थोड्या बळाचें मोठें बळ होतें. परंतु बाहेरच्या बाजूनें कोणी दांड्यास हिसका दिला, तर त्याला ती मोटर अडीचशेंपट वेगानें उलटी फिरवावी लागते, आणि मोटरीचें जडत्व बाहेरून पाहतां त्या पटीच्या वर्गानें, म्हणजे साठ हजारपटींहून अधिक, वाढलेलें भासतें. सावकाश ढकललें तर ती हलेल. एकाएकीं ठोसा बसला तर ती भिंतीसारखी उभी राहील. मग दांडा आणि मोटर यांच्यामध्यें सांपडलेल्या दांत्यांवाचून मोडण्यास दुसरें उरतें काय? म्हणूनच बहुधा शेवटच्या दोन चक्रांचे दांते आधीं जातात.

आंकडे कसे वाचावे

दुकानदार सर्व्होविषयीं दोन आंकडे सांगतो. पहिला पिळाचा, ज्यास टॉर्क म्हणतात. दहा किलोग्रॅम-सेंटिमीटर म्हणजे दांड्यापासून एक सेंटिमीटर अंतरावर तो दहा किलो बळ लावील. दोन सेंटिमीटरांवर पांचच किलो. विहिरीवरच्या रहाटाचा किंवा दाराच्या बिजागरीचा जो न्याय, तोच येथें. मुलांनीं लांब हात बसवून "चाक जास्त वळतें" म्हणून आनंद मानला, तर त्याच वेळीं बळ घटलें हेंही त्यांस दाखवून द्यावें.

दुसरा आंकडा वेगाचा. साठ अंश वळण्यास किती सेकंद लागतात, तो हा आंकडा. म्हणजे तो जितका लहान तितका सर्व्हो चपळ. याचें महत्त्व हिशेबानेंच कळेल. गाडी ताशीं पन्नास किलोमीटर वेगानें जात असेल तर सेकंदाला सुमारें चौदा मीटर जाते. चाकें सरळ असतां पुरें वळण घेण्यास सर्व्होला साधारणतः तीस अंश फिरावें लागतें असें धरूं. ०.२० चा सर्व्हो त्यास सेकंदाचा दहावा हिस्सा घेईल, ०.१० चा विसावा. या दोहोंतील फरक सेकंदाचा विसावा भाग. तेवढ्यांत गाडी सत्तर सेंटिमीटर पुढें गेलेली असते. शर्यतीच्या वळणावर सत्तर सेंटिमीटर म्हणजे कधीं कधीं कांठावरची फळी आणि मोकळा रस्ता यांतलें अंतर. परंतु अंगणांत किंवा मैदानावर मौजेसाठीं हांकणाऱ्या मुलाचा स्वतःचा हातच हुकूम देण्यास याहून कितीतरी अधिक वेळ घेतो; त्याच्यासाठीं या चपळाईला मोठी किंमत मोजण्याचें कारण नाहीं.

आंकडे वाचतांना तीन सावधगिरी घ्याव्या. पहिली, दोन्ही आंकडे विजेच्या दाबावर अवलंबून असतात. वेष्टनावर छापलेला मोठा आंकडा बहुधा ७.४ किंवा ८.४ व्होल्टचा असतो. आपल्या गाडींत सर्व्होला मिळणारा दाब सहाच व्होल्ट असेल तर तो आंकडा आपला नव्हे. दोन सर्व्होंची तुलना करावयाची ती एकाच दाबावरची करावी. दुसरी, वेगाचा आंकडा भार नसतांनाचा आणि पिळाचा आंकडा जवळजवळ अडून राहिलेल्या अवस्थेंतला असतो. दोन्ही गुण एकाच क्षणीं मिळत नाहींत. तिसरी, दांड्याच्या टोंकावरील बारीक खांचांची संख्या. फुताबा पद्धतीच्या दांड्यावर २५, हायटेकच्या नेहमींच्या सर्व्होवर २४, व सान्वा पद्धतीच्या दांड्यावर २३ खांचा असतात. चोविसाचा हात पंचविसाच्या दांड्यावर जोरानें बसविला तर बसल्यासारखा दिसतो, आणि पहिल्याच धक्क्यास फिरतो.

मग आपल्या गाडीस पीळ किती पुरे? खऱ्या गाडीच्या एकदशांश मापाची, गुळगुळीत रस्त्यावर धांवणारी गाडी असेल तर सहा ते दहा किलोग्रॅम-सेंटिमीटर बहुधा भागतात. त्याच मापाची मातींतली बग्गी असेल तर आठ ते बारा. एकअष्टमांश मापाची जड बग्गी असेल तर पंधरापासून पंचविसांपर्यंत. दगडांवर चढणाऱ्या संथ गाडीस, चाक दगडांत अडकलेलें असतां वळवावें लागतें म्हणून, याहूनही अधिक बळ हवें; तिला वेग मात्र नको. थोडक्यांत, आधीं गाडी कोणती व ती कोठें चालणार हें ठरवावें, आणि मग डब्याकडे पाहावें.

धक्का कोणीं सोसावा

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. एकअष्टमांश मापाची बग्गी सुमारें सव्वातीन किलो वजनाची असते. ती ताशीं पन्नास किलोमीटर वेगानें एकाद्या खांबास धडकली, तर तो आघात ती दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तीन मजली घराच्या गच्चीवरून, फरशीवर टाकल्याइतका होतो. वेग दुप्पट केला तर आघात चौपट होतो, कारण गतीचें सामर्थ्य वेगाच्या वर्गाप्रमाणें वाढतें. हा आघात पुढच्या चाकावर तिरपा बसला म्हणजे तो चाकावरून बांधणीच्या दांडीवर, तिच्यावरून सर्व्होच्या हातावर, हातावरून दांड्याच्या खांचांवर व तेथून दांत्यांवर असा पायरीपायरीनें आंत शिरतो. या सांखळींत जी कडी सर्वांत दुबळी ती तुटणार. आपल्या हातीं एवढेंच आहे कीं, ती कडी कोणती असावी हें आधीं ठरवून ठेवणें.

दांते तीन प्रकारचे मिळतात. नायलॉनचे दांते हलके, शांत व बरेच दिवस न झिजणारे असतात. पण धक्का बसला कीं एकदम तुटतात. पितळेचे दांते धक्का सोसतात, पण हळूहळू झिजतात, आणि झिजले म्हणजे चाकांत सैलपणा येऊन गाडी सरळ रस्त्यावरही डुलूं लागते. पोलादाचे किंवा टायटॅनियमचे दांते दोन्ही सोसतात, पण किंमत वाढवितात. मातींत उड्या मारणाऱ्या गाडीस धातूचेच दांते हवेत, यांत शंका नाहीं. परंतु दांते बळकट केल्यानें धक्का नाहींसा होत नाहीं. तो पुढच्या कडीकडे जातो. मग डब्याचे कान तडकतात, दांडा वाकतो, किंवा गाडीच्या बैठकीचे आटे निघतात. ज्याच्या घरीं विजेचा फ्यूज वारंवार उडतो म्हणून कोणी त्या जागीं जाड तार गुंडाळतो, त्याच्या घरीं पुढें काय जळतें हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

धक्क्याचा खरा उपाय म्हणजे सर्व्हो-सेव्हर नांवाचा साधा तुकडा. यांत सर्व्होचा हात आणि चाकांची दांडी यांच्यामध्यें एक ताठ स्प्रिंग असते. नेहमींच्या वळणांत ती हलत नाहीं. धक्का बसला म्हणजे क्षणभर वांकून देते आणि पुन्हा जागेवर येते. मुंज्या मुलाच्या हट्टापुढें घरांतील एकादी समजूतदार आजी जशी क्षणभर नमते आणि मग आपलेंच खरें करिते, तसें तिचें काम. लहान गाडींत हा तुकडा बहुधा सर्व्होच्या हातावरच असतो. मोठ्या बग्गींत चाकांच्या मधल्या खांबावर असतो, व त्याची स्प्रिंग एका आट्यांच्या कड्यानें कमीअधिक ताठ करितां येते. ती फार सैल असली तर वेगांत चाकें हुकूम पुरा पाळीत नाहींत. फार घट्ट असली तर ती असून नसल्यासारखी. परीक्षा सोपी आहे. वीज चालू करून चाकें सरळ ठेवावीं आणि पुढचें एक चाक हातानें जोरानें वळवून पाहावें. सर्व्होचा दांडा हलण्यापूर्वीं स्प्रिंग नमली तर ती योग्य. दांडा आधीं हलला तर स्प्रिंग अधिक ताठ असून निरुपयोगी. बलवान् सर्व्होला मऊ प्लॅस्टिकचा सेव्हर लावणेंही बरें नव्हे. तो वळणांवरच नमूं लागतो.

गालिच्यावर किंवा गुळगुळीत डांबरी मार्गावर शर्यत करणारे कसलेले खेळाडू सेव्हर काढून टाकतात व धातूचा साधा हात लावितात. त्यांना चाकाची अचूकता हवी असते आणि सर्व्हो गेल्यास बदलण्याची त्यांची तयारीही असते. त्यांचें अनुकरण अंगणांतल्या मुलांनीं करूं नये.

जळून मरणारा सर्व्हो

आतांपर्यंत मोडण्याचा विचार झाला. परंतु पुष्कळ सर्व्हो मोडत नाहींत, जळतात. आणि या मरणास धक्का कारण नसून मांडणी कारण असते. चाकें एका मर्यादेपलीकडे वळूं शकत नाहींत. हातांतील ट्रान्समीटरचा हुकूम त्या मर्यादेच्या पलीकडचा असेल, तर सर्व्हो हुकूम पाळण्यासाठीं ढकलीत राहतो, चाक अडलेलें राहतें, आणि मोटर न फिरतां जास्तींत जास्त प्रवाह ओढीत तापते. उष्णता प्रवाहाच्या वर्गाप्रमाणें वाढते, म्हणून अशा स्थितींत मोटर थोड्या वेळांतच करपते. महाग सर्व्होही या मरणांतून सुटत नाहीं. उलट, तो जितका बलवान् तितका प्रवाह अधिक ओढतो. त्याच्या ओढीनें रिसीव्हरला मिळणारा दाब क्षणभर खालीं गेला तर रिसीव्हरच बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि तेवढ्या क्षणांत गाडी कोणाच्याही ताब्यांत नसते. रस्त्यावर माणसें असतांना असला क्षण येऊं नये. म्हणून बलवान् सर्व्हो घेतांना, गाडींतील वेगनियंत्रक त्यास किती अँपिअर देऊं शकतो हें आधीं पाहावें.

मांडणीची रीत पुढीलप्रमाणें आहे. घरांतील एका मोठ्या माणसानें पहिल्या वेळीं मुलांजवळ बसून ती करून घ्यावी.

प्रथम गाडी एका ठोकळ्यावर ठेवून मागचीं चाकें अधांतरीं करावीं, म्हणजे ती अचानक पळणार नाहीं. मग सर्व्होचा हात काढून ठेवून वीज चालू करावी, ट्रान्समीटरवरील बारीक दुरुस्त्या शून्यावर आणाव्या आणि सर्व्होला आपोआप मध्यावर येऊं द्यावें. त्यानंतरच हात बसवावा, आणि तो जोडदांडीशीं काटकोनांत येईल अशा खांचेंत बसवावा. म्हणजे दोन्हीकडचें वळण सारखें राहील. हाताचा स्क्रू धातूच्या आट्यांत जात असेल तर त्यास आटे धरून ठेवणाऱ्या औषधाचा एक थेंब लावावा. प्लॅस्टिकला तें लावूं नये, कारण त्यानें कांहीं प्लॅस्टिकें ठिसूळ होतात. शेवटीं ट्रान्समीटरमधील वळणाच्या मर्यादा दोन्ही बाजूंस लहान ठेवून हळूहळू वाढवाव्या. चाक पुरें वळलें आणि डब्यांतून ताणाचा आवाज येऊं लागला, कीं तेथून किंचित् मागें यावें. हा आवाज म्हणजे सेवकाची तक्रार समजावी. ती ऐकणाऱ्या मालकाचा सेवक टिकतो.

धुळीचाही विचार केला पाहिजे. आपल्याकडील तांबडी माती फार बारीक असते. ती दांड्याच्या बाजूनें आंत शिरून वंगणांत मिसळली म्हणजे तिचें खरड-कागदासारखें काम सुरू होतें. खेळून आल्यावर कोरड्या ब्रशानें गाडी झाडावी. नळाखालीं धुऊं नये. डबा गाडीस बांधणारे चारही स्क्रू अधूनमधून पाहावे, कारण एक सैल झाला कीं उरलेल्या कानांवर सर्व भार येतो. वीज बंद असतांना सर्व्होचा हात बोटानें जोरजोरानें फिरवून पाहण्याची मुलांस फार हौस असते. ती मोडावी, कारण त्यांत दांत्यांवर उलटा भार येतो.

पत्राचें उत्तर

आतां आमच्या भगिनींच्या प्रश्नाचें उत्तर देतां येईल. तीन सर्व्हो गेले एवढेंच कळून उपयोग नाहीं. ते कसे गेले हें कळलें पाहिजे. सुदैवानें घरांतलीं मुलें मोडक्या वस्तू टाकून देत नाहींत. ते तिन्ही डबे शोधून काढावे, आणि एका रविवारीं, जुन्या वर्तमानपत्रावर, लहान पेंचकसानें त्यांची तपासणी करावी. तीन लक्षणें पाहावीं.

मोटर फिरल्याचा आवाज येतो पण हात वळत नाहीं, किंवा एका जागीं कट्कन् उडी मारतो, तर दांते तुटले आहेत. हें धक्क्याचें मरण होय. यास उपाय धातूचे दांते आणि योग्य सेव्हर; आणि त्या सर्व्होच्या दंतचक्रांचा सुटा संच मिळत असेल तर नव्या डब्याचीही गरज नाहीं. संच बदलतांना चक्रें कोणत्या क्रमानें बसलीं होतीं याचें आधीं एक चित्र काढून ठेवावें, जुनी माती पुसून काढावी आणि वंगण अगदीं थोडें लावावें.

सर्व्हो मध्यावर असतांना सारखा थरथरतो, पण कडेला नेला तर स्थिर राहतो, तर पोटेन्शिओमीटर मध्यावर झिजला आहे. गाडी बहुतेक वेळ सरळच जात असल्यामुळें झीज तेथेंच अधिक होते. हें वार्धक्याचें मरण. यांत कोणाचा दोष नाहीं. ज्यांत झिजणाऱ्या पोटेन्शिओमीटरऐवजीं चुंबकाच्या साहाय्यानें स्थान ओळखलें जातें, असे सर्व्हो या बाबतींत अधिक टिकतात, पण ते महाग असतात.

आवाज नाहीं, हालचाल नाहीं, आणि डबा उघडतांच करपल्याचा वास येतो, तर तो जळला आहे. येथें मर्यादा लावलेल्या नव्हत्या, किंवा दाब त्याच्या सोसण्याबाहेर होता. जोंपर्यंत मांडणी सुधारत नाहीं तोंपर्यंत पंधरा हजारांचा सर्व्हो घेतला तरी तोही याच वाटेनें जाईल.

यावरून दिसेल कीं, मुलांचा युक्तिवाद एका प्रसंगीं खरा ठरेल, आणि तोही अर्धाच. कारण दांते तुटले असतील तर बळकट दांते हवेत, पण अधिक पीळ हवा असें नाहीं. मामंजींचें म्हणणें मात्र तपासणीपूर्वीं पूर्ण योग्य आहे. कारण न कळतां चौथ्यांदा पैसा घालणें हा खरोखरच शहाणपणा नव्हे. परंतु तपासणी झाल्यावर त्यांनींही हट्ट धरूं नये. ज्या मुलांनीं स्वतः डबा उघडून, तो कां मेला हें कागदावर लिहून त्यांच्यापुढें ठेविलें, त्यांस मधल्या किंमतीचा, धातूच्या दांत्यांचा, आपल्या गाडीच्या मापाला पुरेसा एक सर्व्हो मिळावा, असा आमचा अभिप्राय आहे. त्या दोन मुलांत "तुझ्या हातून गेला, माझ्या हातून नाहीं" असा जो वाद चाललेला असेल, तोही या तपासणीनें बराचसा मिटेल. करपलेली मोटर शेवटीं कोण हांकीत होता याची साक्ष देत नाहीं, मर्यादा लावल्या नव्हत्या एवढीच देते, आणि ती चूक दोघांचीही असते.

खरेदीच्या वेळीं दुकानदारास तीन प्रश्न विचारावे. या सर्व्होच्या दंतचक्रांचा सुटा संच मिळतो काय? हा आंकडा किती व्होल्टचा? आणि दांड्यावर खांचा किती? जो दुकानदार तिन्ही उत्तरें न अडखळतां देईल त्याच्याकडून वस्तु घ्यावी. प्रसिद्ध कंपन्यांच्या नांवाच्या हुबेहुब नकला बाजारांत पुष्कळ आहेत. "धातूचे दांते" असें छापलेल्या डब्यांत एक-दोन चक्रें नायलॉनचीं निघणें हें मुळींच दुर्मिळ नाहीं. म्हणून वेष्टनावर विश्वास न ठेवतां, शक्य असल्यास वरचें झांकण उघडून पाहावें. आणि गाडी मैदानांत जाण्यापूर्वीं सेव्हरची परीक्षा मुलांकडून एकदां आपल्यासमोर करून घ्यावी; तीस पैसा पडत नाहीं.

गाडींतील लिथियम बॅटरीविषयीं कांहीं वाचकांनीं विचारलें आहे. ती कशी भरावी, कोठें ठेवावी, आणि फुगलेली बॅटरी घरांत एक दिवसही कां ठेवूं नये, याचा विचार पुढील अंकीं करूं.